जूनच्या खणातले कादंबरीकार

डहाणू रोडच्या आमच्या वाचनालयातून कादंबरी न्यायची असेल तर लेखकाचं नाव माहीत असून भागत नसे. त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला, हे ठाऊक असावं लागे. कास्याहून एसटीने आलेला माणूस खिडकीशी उभा राहून एखादी कादंबरी मागे आणि आतून रघुनाथ तांडेल शांतपणे म्हणत, "ते ऑक्टोबरचे आहेत. आत्ता फेब्रुवारी चालू आहे." माणूस परत कास्याला जाई. काही जण ऑक्टोबरात खरंच येत.

तांडेलकाका मूळचे किनाऱ्यावरच्या आगर गावचे, मच्छीमारांच्या घरातले. घरातले सगळे समुद्रावर जाणारे, पण यांना होडीत बसलं की ओकारी होई. चार वेळा किनाऱ्यावर आणून सोडावं लागल्यावर वडिलांनी नाद सोडला आणि हे रेल्वेच्या टपालडब्यात लागले. धावत्या गाडीत उभं राहून गावोगावची पत्रं ज्या त्या खणात टाकायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. होडीत ओकारी होते तर गाडीत कशी होत नव्हती, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, गाडीला खण असतात."

निवृत्त होऊन ते वाचनालयात आले तेव्हा समितीने नुकतंच एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून सागवानी कपाट आणलं होतं. त्याला बरोबर बारा खण होते. बारा खण पाहिल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. पंधरा दिवसांत सगळ्या कादंबऱ्या लेखकांच्या जन्ममहिन्याप्रमाणे लागल्या. जो महिना चालू असेल त्याचा खण उघडा, बाकी अकरा कुलपात. चरित्रं, कविता, आरोग्यविषयक पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत गेली. त्यांना काका "पार्सलं" म्हणत.

मी तेव्हा मसोलीच्या शाळेत शिकवत होते. आधीची पाच वर्षं तलासरीकडच्या एका पाड्यावर काढली होती. फाटलेल्या, हरवलेल्या आणि न परतलेल्या पुस्तकांच्या याद्या मी नीट ठेवीन, एवढ्या भरवशावर मला समितीवर घेतलं होतं. त्यामुळे पुढे सांगते आहे ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं आहे. कादंबरीकारांची नावं देत नाही. बरेच हयात आहेत, आणि काकाही नावं क्वचितच घेत. ज्याच्या पुस्तकात पत्रं फार ते "पत्रवाले", ज्यांची नायिका तीनशे पानं गप्प राही त्या "मुक्याबाई". वाचकांनाही तेच सोयीचं पडे.

जन्ममहिने मिळवण्यासाठी काका लेखकांना जोडकार्ड, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, पाठवत. मजकूर सगळ्यांना एकच: "आपली पुस्तके आमचेकडे आहेत. आपला जन्म कोणत्या महिन्यात झाला ते उलट टपाली कळवावे. साल कळवू नये, त्यास जागा नाही." एका बाईंनी कळवलं की स्त्रीला जन्मतारीख विचारणं असभ्य आहे. काकांनी दुसरं कार्ड टाकलं, "म्हणूनच साल नको म्हटले आहे." त्यांचा सप्टेंबर चार दिवसांत आला. टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने दोन महिने कळवले, एक स्वतःचा आणि एक टोपणनाव सुचलं त्या दिवसाचा. काकांनी दुसरा धरला. पुस्तकं टोपणनावाने लिहिली आहेत, तर बारसंही त्याचंच धरायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सगळ्यांत घोळ एका रशियनाने घातला. त्याच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत दोन जन्मतारखा होत्या, जुन्या कालगणनेप्रमाणे ऑक्टोबर आणि नव्या कालगणनेप्रमाणे नोव्हेंबर. काकांनी तीन दिवस विचार केला आणि निकाल दिला: ऑक्टोबरचे शेवटचे पंधरा दिवस तो इकडे राहील, नोव्हेंबरचे पहिले पंधरा तिकडे. दर वर्षी एक नोव्हेंबरला ते जाडजूड पुस्तक दोन्ही हातांत धरून एका खणातून दुसऱ्या खणात नेत. त्या वेळी खिडकीशी गर्दी असली तरी थांबावं लागे.

महिन्यांची त्यांनी लक्षणं बसवली होती. जानेवारीचा लेखक पहिल्या वीस पानांत कुणाला तरी अंथरुणाला खिळवतो. मार्चवाल्यांच्या चिठ्ठ्या नको त्या माणसाच्या हाती पडतात. एप्रिलवाले नायकाला फार पायी चालवतात. डिसेंबरवाल्यांच्या कादंबरीत म्हातारा नोकर हमखास, आणि तो मालकापेक्षा शहाणा. हे इतक्या खात्रीने सांगत की वाचकही तसंच शोधू लागले. तलासरीचे एक फॉरेस्टर पुस्तक परत करताना तक्रार करून गेले की हा एप्रिलचा असूनही नायक सबंध वेळ बसून आहे, जरा पुन्हा चौकशी करा.

काका गमतीने असं करत, असा माझा समज होता. तो समज एका दुपारी गेला. टपालाच्या नोकरीत पहिल्या वर्षी त्यांनी एक पत्र चुकीच्या खणात टाकलं होतं. ते फिरून फिरून बारा दिवसांनी मुक्कामी पोचलं, तोवर ज्याला बोलावलं होतं त्याचे वडील गेले होते. त्यांनी एवढंच सांगितलं आणि पुढे म्हणाले, "खण चुकला की माणूस हरवला, बाई." घरी ते एकटेच होते. दुपारी जेवायला जाताना देखील किल्ल्यांचा जुडगा कमरेला असे.

नियमाला त्यांनी एकदाच मुरड घातली, ती जमनाबाईंमुळे. जमनाबाई आगरच्या, मासळी विकणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सून सातवी झालेली. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत, बाजार थंड असे, तेव्हा सून मोठ्याने वाची आणि अख्खी आळी ऐके. एका जूनमध्ये त्यांनी दोन भागांची कादंबरी धरली. पहिला भाग तीस तारखेला संपला, आणि शेवटच्या पानावर नायिका विहिरीत पडली. एक जुलैला जमनाबाई दुसरा भाग मागायला आल्या तेव्हा जूनचा खण बंद झाला होता.

त्यांनी टोपली दारातच ठेवली. "रघूदादा, पोर विहिरीत आहे. तू तिला पुढच्या जूनपर्यंत तिथंच ठेवशील?"

काकांनी नियम सांगितला.

"पाण्यात पडल्या माणसाला नियम सांगतोस? आणि तू मच्छीमाराच्या घरातला?"

सुक्या बोंबलांची टोपली दारात असल्याने आत कोणी येईना आणि बाहेर कोणी जाईना. शेवटी काकांनी पंचांग काढलं, उगाच चाळलं, आणि फळ्यावर लिहिलं: "जून (अधिक), आठ दिवस." पंचांगात अधिक महिना असतो, मग कपाटात का नसावा. तेव्हापासून प्रत्येक महिन्याला आठ दिवसांचा अधिक मिळाला. दुसरा भाग घेऊन जाताना जमनाबाई म्हणाल्या की पोर तोवर जिवंत राहिली म्हणजे मिळवली.

ही कादंबरी लिहिणारे "विहिरीवाले" आमच्याकडचे सर्वांत लाडके. त्यांच्यासारखेच बाकीचे बरेच लाडके लेखक जूनचेच निघत होते. जोडकार्डं परत येत आणि त्यावर जून, जून, पुन्हा जून. बहुतेकांची तारीखही एकच, एक जून. पासष्ट मराठी कादंबरीकारांपैकी एकतीस जूनचे झाले. जूनचा खण भरला, पुस्तकं जुलैच्या खणात शिरली, तिथून ऑगस्टकडे सरकली. काका आनंदाने वेडे झाले. एका महिन्यात एवढे कादंबरीकार जन्मतात याला काही कारण असलंच पाहिजे, आणि ते आपल्या कपाटामुळे उघडकीला आलं, असं त्यांना वाटू लागलं. "जूनचे कादंबरीकार आणि त्यांची कामगिरी" या नावाचा निबंध त्यांनी लिहायला घेतला.

मला कारण माहीत होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी शाळेच्या मास्तराला ते माहीत आहे. पाड्यावर मूल शाळेत आणलं की बाप सांगे, भाताची आवणी चालली होती तेव्हा झाला, किंवा मोहाची फुलं पडत होती तेव्हा. रजिस्टरात तारीख लागते. शाळा जूनमध्ये सुरू होते. मूल सहा वर्षांचं दिसतं. मी एक जून लिहीत असे, माझ्या आधीचे मास्तर लिहीत, सगळेच लिहीत. मी काकांना हे सरळ सांगितलं. माझ्या रजिस्टरात एक अख्खा वर्ग एक जूनला जन्मलेला आहे, म्हटलं.

"म्हणजे तुमच्या वर्गातून पुष्कळ कादंबरीकार निघणार," काका म्हणाले आणि लिहीत राहिले.

याच सुमारास समितीचे अध्यक्ष मगनशेठ यांचा संयम संपला. मगनशेठची चिकूची वाडी होती. स्वतः कादंबरी वाचत नसत, पण वाचनालय नीट चालावं याची कळकळ होती. तलासरी, कासा, सगळीकडून तक्रारी येत होत्या. ते येऊन समोर बसले. "तांडेलभाई, लायब्ररीत पुस्तक शोधायला पंचांग लागतं, हे काय बरोबर नाय. माझ्या वाडीत पण झाडं आहेत. मी झाडाला त्याचा महिना विचारत बसत नाय." ठाण्याहून रीतसर शिकून आलेला एक माणूस त्यांनी पाहून ठेवला होता. तो अक्षरांप्रमाणे पुस्तकं लावून देणार होता. काकांनी निबंधातली कलमं सांगितली. शेवटी असं ठरलं: एक जूनला सभा घ्यायची, विहिरीवाल्यांना बोलवायचं. लेखकाने स्वतः या निबंधाला मान डोलावली तर कपाट आहे तसं राहील. नाहीतर दोन तारखेला सकाळी दहा वाजता किल्ल्या मगनशेठकडे.

काकांनी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं. मी तीन वेळा वेगवेगळ्या वेळी त्यांना अडवून पाहिलं. तिसऱ्या वेळी ते एवढंच म्हणाले की एकतीस माणसं खोटं लिहितील का. खोटं लिहिलेलं नव्हतंच, हीच तर पंचाईत होती.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. जूनची सगळी पुस्तकं काकांनी व्यासपीठावर लांब टेबलावर मांडली होती. विहिरीवाले देशावरचे, काळेसावळे, शांत गृहस्थ. दुपारी आमच्याकडचं पापलेट पोटभर जेवल्याने डोळे जड झालेले. काका चाळीस मिनिटं बोलले. जूनच्या कादंबरीकारांच्या पुस्तकांत शाळेचा पहिला दिवस असतोच, हे त्यांनी पानांसकट दाखवलं. म्हणाले, दारात आईचा हात सुटतो, आणि ही माणसं जन्मभर तो सुटलेला हात लिहितात. मगनशेठसुद्धा मान डोलवत होते. मला वाटलं, निभावलं.

मग पाहुणे उठले. काकांच्या अभ्यासाची त्यांनी मनापासून तारीफ केली आणि म्हणाले, "फक्त एक अडचण आहे. माझा जन्म कधीचा हे मलाच माहीत नाही. एक जून मास्तरांनी लिहिला. मी एक जूनला जन्मलो तो सहा वर्षांचा होऊनच."

लोक हसले. पाहुण्यांना जोर चढला. इथे एक जूनचे किती आहेत, हात वर करा, म्हणाले. अर्ध्याहून जास्त हॉलचे हात वर गेले. पाड्यावरच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघे मागे उभे होते. त्यांनी हात वर केले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मगनशेठचा हात अर्धा वर जाऊन परत मांडीवर आला. हशा थांबेना. पुढच्या रांगेतून जमनाबाईंचा आवाज आला, "म्हणजे रघूदादा, पोर फुकटच विहिरीत होती."

काका टेबलाच्या टोकाला उभे होते. बावीस वर्षांत चुकलेलं ते एक पत्र त्यांनी मला सांगितलं होतं. आता समोर एकतीस होती. हसणं ओसरेपर्यंत ते हलले नाहीत. मग पाहुण्यांकडे वळले.

"आई काय म्हणायच्या?"

पाहुण्यांना आधी समजलं नाही.

"तुमच्या आई. तुम्ही झालात तेव्हा शेतात काय होतं म्हणायच्या?"

"ज्वारी हुरड्यात आली होती, म्हणायची."

"थंडी?"

"फार. दाई घोंगडी पांघरून आली होती."

"म्हणजे पौष." काकांनी बोटांवर मोजलं. "जानेवारी." त्यांनी टेबलावरची विहिरीवाल्यांची नऊ पुस्तकं उचलली, पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर नेऊन ठेवली आणि टेबलाकडे परत येऊन उरलेल्या तीस जणांच्या पुस्तकांना म्हणाले, "पुढचे?" पाहुणे आता हसत नव्हते. ते त्या खुर्चीकडे पाहत होते.

सभा संपली ती अशी. मान डोलवण्याची अट पाळली गेली नव्हती, हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच काकांनी जुडगा रुमालात बांधून टेबलावर ठेवला होता. कपाट पुसून झालं होतं. बाराही खण उघडे होते. ते तसे मी पहिल्यांदाच पाहिले. मी माझ्या याद्या काढून बसले, कारण नव्या माणसाला त्या द्याव्या लागणार होत्या.

मगनशेठ दहाला आले. बसले, रुमालाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "तांडेलभाई, माझं पण जरा बघून द्या ने."

काकांनी चष्मा लावला. आई काय म्हणायच्या, त्यांनी विचारलं. शेठची बा म्हणायची, गवत कापून गंज्या रचत होते. गवत हिरवं की सुकलेलं? सुकलेलं. दिवाळीच्या आधी की नंतर? शेठ आठवत राहिले. पंचावन्न वर्षांचा माणूस डोळे मिटून बसला होता. मग म्हणाले, नंतर, कारण बाच्या वाट्याला दिवाळीच्या घुघऱ्यांतल्या, म्हणजे करंज्यांतल्या, शेवटच्या दोनच उरल्या होत्या.

"नोव्हेंबर," काका म्हणाले. "सुरुवातीचा."

मगनशेठनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. मग कपाटाकडे पाहून विचारलं, "नोव्हेंबरमध्ये कोण कोण आहेत?"

काकांनी सांगितलं. पत्रवाले आहेत, एक बंगाली आहेत, आणि तो रशियन.

"एवढा जाडा? तो आणि मी एका खणातले?"

"पंधरा दिवस."

शेठनी रशियन मागून घेतला. त्यांनी नेलेली ती पहिली कादंबरी, माझ्या यादीत आहे. जाताना काकांनी रुमाल पुढे सरकवला तर शेठ दारातून म्हणाले, "ते राहू द्या. हे पुस्तक परत कुठे ठेवायचं ते त्या ठाण्यावाल्याला काय ठाऊक?"

त्यानंतर वाचनालयात पुस्तकांपेक्षा महिना विचारायला माणसं जास्त येऊ लागली. काका खिडकीतून विचारत: वारा कुठला होता, जाळ्यात काय येत होतं, मोह फुलला होता की गळत होता. महिना ठरला की त्याच महिन्यातल्या कादंबरीकारांची यादी सांगत, आणि माणूस एक पुस्तक घेऊन जाई. जमनाबाई मार्चच्या निघाल्या. त्यांनी सुनेला बजावलं की आता चिठ्ठ्या सांभाळून ठेव.

उरलेल्या तीस कादंबरीकारांना काकांनी नवी जोडकार्डं टाकली. "आपल्या जन्माचे वेळी शेतात किंवा दारात काय होते, असे आपल्या मातोश्री सांगत, ते कळवावे." उत्तरं आली. कुणाची तूर फुलली होती, कुणाच्या गावची जत्रा होती, कुणाच्या घरी त्या दिवशी म्हैस व्याली होती. या लोकांनी पुस्तकांत असं एक वाक्य लिहिलं नाही, असं काका म्हणाले. एकेक जण जूनमधून उठून आपल्या महिन्यात गेला. काहींचं मात्र उत्तर वेगळं होतं. आई लहानपणीच गेली, सांगणारं कोणी नाही, आहे तो जून राहू द्या. असे सहा उरले. काकांनी त्यांना पुन्हा कार्ड टाकलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. मे संपत आला होता. माझ्या याद्या त्यांच्या स्वाधीन केल्या आणि निघताना विचारलं की काका, एवढ्या सगळ्यांचे महिने लावलेत, तुमचा स्वतःचा कुठला?

"आई म्हणायची, होड्या परत येत होत्या," ते म्हणाले. "एवढंच म्हणायची. होड्या रोज परत येतात, बाई."

मी काही बोलायच्या आत ते उठले. जूनचा खण उघडून त्यांनी, ज्यांना सांगणारं कोणी नव्हतं त्या सहा जणांची पुस्तकं एकेक करून खाली काढली आणि ओल्या फडक्याने आतली फळी कोपऱ्यापर्यंत पुसायला लागले. पाठमोरेच म्हणाले की पावसाळ्यात या खणाला वाळवी लवकर लागते, लक्ष ठेवावं लागतं.